माळवदाखालच्या खिडक्या

परवा माझ्या लॅपटॉपवरचे डोळे थिजले.

डोळे म्हणजे एक्सआइज नावाचा एक रिकामटेकडा प्रोग्रॅम. दोन पांढरे लंबगोल, आत दोन काळे ठिपके; माउसचा बाण जिकडे जाईल तिकडे ठिपके वळतात. बास, एवढंच. उपयोग शून्य. तरी गेली वीसेक वर्षं मी कुठलाही काँप्युटर वापरो, उजव्या कोपऱ्यात ही जोडी बसलेली असते. काही जण टेबलावर छोटा गणपती ठेवतात, मी हे ठेवतो. तर परवा लिनक्सची नवी आवृत्ती चढवली, सवयीनं डोळे लावले, बाण फिरवला, आणि ठिपके हलेनात. बाण नेमका डोळ्यांच्या खिडकीवर नेला की वळायचे. बाहेर काढला की होते तिथंच गोठायचे.

"पप्पा, हे बघेनाच की," मागून लेक म्हणाली.

म्हटलं, बघेना असं नाही, त्याला बघू देईनात.

लिनक्सच्या पडद्यावर जे काही दिसतं, म्हणजे खिडक्या, बाण, टाइप केलेली अक्षरं, ते मांडायचं काम इतकी वर्षं एक्स नावाची व्यवस्था करत आली. तिच्या जागी आता वेलँड आलंय. एक्सच्या राज्यात कुठल्याही प्रोग्रॅमनं विचारावं, बाण कुठाय, आत्ता कुठली कळ दाबली, शेजारच्या खिडकीत काय चाललंय. एक्स सगळं सांगून मोकळा. म्हणून डोळ्यांना बाण दिसायचा. आणि म्हणूनच एखाद्या लुच्च्या प्रोग्रॅमला तुमचा बँकेचा पासवर्ड अक्षर-अक्षर टिपता यायचा. दोन्ही एकाच भोकातून. वेलँडनं ते भोक लिंपलं. तेव्हा डोळे थिजले हा बिघाड नव्हे, दुरुस्ती आहे.

हे सगळं मला पाठ आहे. तरी संध्याकाळभर कोपऱ्यातल्या त्या थिजलेल्या जोडीकडं बघून करमेना.

एक्सची नि माझी ओळख २००३ची. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, लातुरातली भाड्याची खोली, तिघांत मिळून घेतलेला सेकंडहँड काँप्युटर आणि पंधरा इंची ढेरपोट्या मॉनिटर. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं तर नुसता काळा पडदा. एक्सला सांगावं लागायचं की बाबा, हा मॉनिटर सेकंदाला किती ओळी आखू शकतो. ते आकडे मॉनिटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर. ते वाचायला टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरायचं. आकडे चुकले तर मॉनिटर जळतो असं सगळे सांगायचे, आणि त्या काळच्या काही मॉनिटरांच्या बाबतीत ते खोटंही नव्हतं. आकडे भरले, श्वास रोखला, आज्ञा दिली. आतून कट्ट असा आवाज आला, नि पडदाभर करड्या ठिपक्यांची दाट वीण पसरली, मधोमध काळी फुली. धनगराच्या घोंगडीसारखी ती वीण. त्या फुलीच्या बाणाला मी रात्री दोन वाजता माउसनं असं फिरवलं की जसं काही गाडी चालवायला शिकलोय.

पुढं कॉलेजच्या लॅबमध्ये याचीच दुसरी गंमत कळली. एक्सचा प्रोग्रॅम एका काँप्युटरवर चालवून त्याची खिडकी दुसऱ्याच्या पडद्यावर उघडता येते. एक्स जन्मलाच त्या कामासाठी. लॅबमधल्या सरांनी सोय म्हणून सगळ्या मशीनींची दारं सताड उघडी टाकलेली होती. मग काय, प्रॅक्टिकल चालू असताना सरांच्या पडद्यावर एकदम डोळे उगवायचे. एक जोडी, मग चार, मग बारा. सर बिचारे एकेक बंद करत बसायचे. आठवडाभर हसलो. मग आमच्यातल्याच एकानं त्याच उघड्या दारातून दोघांच्या दाबलेल्या कळा टिपल्या, आणि एकाचं मेल वाचून दाखवलं. वर्गातल्या मुलीला लिहिलेलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

एक्सचा इतिहास मला तोंडपाठ आहे, ताटकळत न ठेवता सांगून टाकतो. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अथेना नावाच्या प्रकल्पासाठी बॉब शायफ्लर आणि जिम गेटीस यांनी ते उभं केलं. स्टॅनफर्डात आधी डब्ल्यू नावाची खिडक्यांची व्यवस्था होती, तिच्यावरून घेतलं म्हणून पुढचं अक्षर एक्स. सुरुवातीला आवृत्त्या भराभर आल्या. १९८७च्या सप्टेंबरात अकरावी आली, आणि बारावी आजतागायत आली नाही. ज्या लातुरात बारावीच्या निकालावरून अख्ख्या घराची किंमत ठरते, त्या लातुरात मी एका अशा गड्यावर जीव लावून बसलो जो चाळीस वर्षं होत आली तरी अकरावीतच आहे.

पण अकरावीत राहून त्यानं सगळी कामं केली. मूळ नियम मोडायचे नाहीत, लागेल ते वरून जोडायचं, अशी रीत. चौकोनी सोडून वेगळ्या आकाराच्या खिडक्या पाहिजेत, जोडा. गुळगुळीत अक्षरं पाहिजेत, जोडा. अर्धपारदर्शक सावल्या, दुसरा मॉनिटर, तिसरा मॉनिटर, जोडत चला. २००४ साली परवान्यात एक कलम वाढवल्यावरून, लिनक्सवरचं एक्स तयार करणाऱ्या एक्सफ्रीएटीसिक्स या प्रकल्पात फाटाफूट झाली आणि जवळजवळ सगळे उठून एक्सडॉटऑर्गकडे गेले. ते स्थलांतर वर्षभरात उरकलं, कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. काढणार कशाला? घर तेच होतं, दारावरची पाटी बदलली.

मधल्या काळात आणखी एक झालं. एक्सला स्वतः रेघा, वर्तुळं, अक्षरं काढता येत होती, पण नव्या प्रोग्रॅमांनी त्याला सांगणंच सोडलं. ते आपलं चित्र आपणच रंगवून तयार आणायला लागले. सगळ्यांची चित्रं एकत्र मांडायचं काम दुसऱ्याच एका प्रोग्रॅमकडे गेलं, त्याला कंपोझिटर म्हणतात. पडद्याचा आकार-रंग ठरवणं लिनक्सच्या गाभ्यानं आपल्याकडं ओढून घेतलं. मग एक्सकडं उरलं काय? इकडून चित्र घ्यायचं, तिकडं द्यायचं. लातूरच्या मोंढ्यात वाढलेल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. माल शेतकऱ्याचा, घेणार डाळमिलवाला, आणि मधे गादीवर बसलेली आडत. एके काळी आडतीशिवाय पान हलत नव्हतं हे खरं. पण आता दोघांच्या हातात फोन असताना ही पट्टी कशाची, असं २००८ साली क्रिस्तियन ह्यॉग्सबेर्ग या माणसाच्या मनात आलं. तो तेव्हा रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीत होता आणि एक्सवरच काम करत होता. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड नावाच्या गावावरून जाताना सुचलं, म्हणून गावाचंच नाव दिलं. प्रोग्रॅमनं चित्र थेट कंपोझिटरला द्यावं, मधे कुणी नको.

तो एकटाही नव्हता. वेलँडवर राबणारे बरेचसे लोक आधी वर्षानुवर्षं एक्सच सांभाळत होते. लोक हे विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. वाद घालणारे असं बोलतात की जशी बाहेरून कुणी टोळी आली नि चांगलं चाललेलं मोडून गेली. अहो, ज्या गवंड्यानं ती भिंत बांधली, डागडुजी केली, तोच सांगायला आलाय की या भिंतीला अंग टेकून निजू नका.

आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा औसा रोडच्या एका हॉटेलात जमतो. हॉटेल म्हणजे चहाचं, लातुरी अर्थानं. त्यात एक काका आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. एक्सचे कट्टर. घरी बसून दुसऱ्या गावच्या मशीनवरचा प्रोग्रॅम आपल्या पडद्यावर उघडायची जी किमया, तिच्यावर त्यांनी अर्धी नोकरी काढली. दुसरा एक पोरगा, पुण्याच्या कंपनीचं काम इथं घरून करणारा, वेलँडचा कट्टर. त्याच्याकडं दोन मॉनिटर, एक बारीक ठिपक्यांचा नि एक साधा. एक्सवर दोन्हींचं माप काही केल्या जुळेना, एकावर अक्षर मुंगीएवढं तर दुसऱ्यावर बैलाएवढं. वेलँडवर जुळलं. त्याच्या लेखी विषय संपला.

गेल्या बैठकीत काका म्हणाले, "चालायलंय ना ते? मग हात कामून लावायचा?"

"काका, कुणीतरी रोज ठिगळ लावायलंय म्हणून चालायलंय. ते लावणारेच आता नको म्हणायलेत."

"तुमचं ते नवीन किती वर्षं झाली येऊ लागलंय? दोन हजार आठ! माझी नातवंडं शाळेत जायलीत."

इथं काकांचा मुद्दा बिनतोड होता. उबंटू म्हणजे लिनक्सचा एक तयार संच; तो काढणाऱ्यांनी २०१० साली जाहीर केलं, आम्ही वेलँडवर जाणार. २०१३ साली म्हणाले नाही, आम्ही मीर नावाचं आपलंच काढतो. २०१७ साली तोही नाद डेस्कटॉपपुरता सोडला. मग उबंटूच्या १७.१० या आवृत्तीत वेलँड, १८.०४मध्ये परत एक्स, २१.०४मध्ये परत वेलँड. फेडोरा या दुसऱ्या संचानं मात्र २०१६च्या नोव्हेंबरात पाय टाकला तो मागं घेतला नाही. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाचे ड्रायव्हर कितीतरी वर्षं बाकी सगळ्यांहून वेगळीच वाट धरून होते. २०२१मध्ये ते सरळ झाले. एवढ्या काळात आमच्याकडं रस्ता होतो, उखडतो, परत होतो.

पोरगं म्हणालं, "पण धोका आहे काका त्यात. पंधरा वर्षांमागं म्हणलं असतं तर वेगळं. आता कळूनसवरून त्यातच राहायचं?"

काका चहाचा कप बशीत ठेवत म्हणाले, "पडलं तर नाही ना अजून?"

सगळे हसले. मलाच हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन उगाच पान लावून घेतलं.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना जे झालं त्याबद्दल मी एरवी लिहीत नाही, आताही फार लिहिणार नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, गाव दमून निजलं होतं. मी दहा वर्षांचा. आबांना उकाडा सोसत नव्हता म्हणून आम्ही पोरं त्यांच्याबरोबर अंगणात बाजेवर होतो, एवढ्यावर मी आज हे लिहितोय.

मला सांगायचंय ते घराबद्दल. आमचं घर माळवदाचं. काळ्या दगडाच्या अडीच-तीन हात रुंद भिंती, चिखलात रचलेल्या. आत सागवानी खांब-तुळया, वर पांढऱ्या मातीचं जाड माळवद. मेच्या दुपारी आत गेलं की माठात उतरल्यासारखं. दर पावसाळ्याच्या आधी आबा पांढऱ्या मातीच्या पाट्या वर चढवायचे, कारण गेल्या साली कुठंतरी गळालेलं असायचं. जुनी माती कुणी काढत नसे. नवी तेवढी वर पसरायची, चोपायची. गळणं थांबायचं. तसं पणजोबांपासून. प्रत्येक थर शहाणपणाचा होता, त्या त्या सालच्या गळतीवरचा नेमका इलाज होता, आणि प्रत्येक थरानं छत थोडं जड होत होतं. भिंतीही दिसायच्या किल्ल्यासारख्या, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे कपच्यांची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड नव्हतेच. हे सगळं नंतर इंजिनिअर लोकांनी सांगितलं. आधी कुणाला ठाऊक? शंभर वर्षं पडलं नव्हतं.

तेव्हा 'पडलं तर नाही ना' हा युक्तिवाद मला चालत नाही. एक्समधल्या अक्षरं हाताळणाऱ्या भागातली एक चूक २०१४च्या जानेवारीत सापडली. ती मे १९९१पासून तिथं होती. बावीस वर्षं त्या भेगेवरून सगळ्यांची ये-जा. मी वेलँडच्या बाजूचा आहे, हे आता सांगूनच टाकतो.

पण गोष्ट तिथं संपत नाही, कारण आम्हाला नवं घर मिळालं.

त्या भागातली बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली. घर जमिनीच्या हिशोबानं: भूमिहीन नि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्यांना साडेसातशे. आमचं चारशेचं. काँक्रीटचं, भूकंपाला पुरून उरेल असं, रांगेत बाविसावं. रस्ते पट्टीनं आखलेले. त्या घराला नाव ठेवायला माझी जीभ रेटत नाही, त्या घरात आम्हाला पहिल्यांदा निर्धास्त झोप लागली. पण बांधणाऱ्यांनी बैल कुठं बांधणार हे विचारलं नव्हतं. चूल आत पेटवली की धूर कोंडायचा. ज्वारीला जागा नाही. बाया दुपारी जिथं बसून शेंगा फोडायच्या तो ओटा नाही. आजीनं आठ दिवस बघितलं, नि मागच्या अंगाला चार पत्रे उभे करून तिथं चूल मांडली. पाडलेल्या घरातली सागवानी चौकट होती, ती आबांनी त्या पत्र्याच्या खोपटाला बसवली. शेजाऱ्यांनीही तेच केलं. पाच वर्षांत त्या सरळ रेषेतल्या गावाच्या पाठीमागं पत्र्याचं दुसरं गाव उभं राहिलं. एक साहेब पाहणीला आले होते; म्हणाले, एवढं पक्कं घर देऊन या लोकांना पत्र्यातच राहायचंय. आजीला ते कळलं नाही. कळलं असतं तर साहेबांनी चहा न पिताच जाणं बरं होतं.

वेलँडच्या वादात मला राहून राहून तो साहेब भेटतो. 'हे कुणाला लागतं?' असं विचारणारा. विचारतो कुठला, ठरवूनच बोलतो.

माझ्या मावसबहिणीचं तालुक्याच्या गावी कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, फेरफाराचे अर्ज, वारसाचे कागद. व्हायरसला कंटाळून तिनं विंडोज सोडलं, नि मी तिला लिनक्स लावून दिलं. शिवाय ऑटोकी नावाचा प्रोग्रॅम. ऑल्ट धरून एक दाबला की 'सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की', दोन दाबला की 'मौजे', तीन दाबला की शेवटचा सगळा सत्यापनाचा परिच्छेद. समोर पक्षकार उभा, वकील घाई करतोय, आणि ही कीबोर्डकडं न बघता ऑल्ट-तीन. तिचं अर्धं उत्पन्न त्या आकड्यांत. गेल्या दिवाळीत मी तिच्या मशीनवर उबंटूची २५.१० ही नवी आवृत्ती चढवली. दुकानाच्या काँप्युटरवर नऊ महिन्यांच्या मुदतीची आवृत्ती टाकणं हा माझा गाढवपणा, तो कबूल. पण त्या आवृत्तीत लॉगिन करताना वेलँडऐवजी एक्सचं सत्र निवडायची सोयच काढून टाकलेली. सोमवारी सकाळी फोन.

"दादा, ऑल्ट-तीन मरून पडलंय. तू माझं दुकान बंद करायलास का?"

मरणारच. ऑटोकी काय करायचा? सगळ्या कळांवर कान ठेवून बसायचा, आणि ऑल्ट-तीन ऐकू आलं की दुसऱ्याच्या खिडकीत आपला मजकूर टाकायचा. कळा चोरून ऐकणारा लुच्चा प्रोग्रॅम नेमकं हेच करतो. वेलँडला कसं कळावं की हा माझ्या बहिणीचा गडी आहे नि तो चोर?

दोन रात्री मी त्यात घातल्या. उत्तर सापडलं ते मराठीच्याच दारात. मराठी टाइप करण्यासाठी आपण जी आयबस नावाची व्यवस्था वापरतो, तिला खिडकीत अक्षरं टाकायचा हक्क वेलँड रीतसर देतं. नाहीतर जगातल्या अर्ध्या भाषा लिहिताच आल्या नसत्या. मग कुठल्या कळेला कुठलं अक्षर हे आयबसला सांगणारी, एमसेव्हन्टीनएन नावाच्या संचातली मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डची फाइल घेतली, तिची प्रत केली. इनस्क्रिप्टमध्ये एस्केपच्या खालची, अगदी डाव्या टोकाची कळ ऱ्हस्व ओकाराला दिलेली आहे. तो दक्षिणेकडच्या भाषांसाठी. मराठीत कुणी आयुष्यात दाबत नाही. ती कळ नि तिच्यानंतर आकडा, असा जोड लिहिला. कंसांच्या जंगलात एक कंस कमी पडला तर अख्खी फाइल मुकी, तेही दोनदा झालं. पण झालं. आता ऑल्ट-तीनऐवजी कोपऱ्यातली कळ, मग तीन. ब्राउझरमध्ये चालतं, रायटरमध्ये चालतं. बहीण चार दिवस चिडचिड करत होती, पाचव्या दिवशी तिनं स्वतःहून पंधरा नवे आकडे-जोड मागितले.

झालं म्हणजे नव्या व्यवस्थेत जागा होती. दारातून यायची रीत होती, फक्त ती कुणी सांगितली नव्हती, आणि जुनी खिडकी आधी विटा लावून बंद केली होती. बहिणीला मावसभाऊ होता. ज्याला नाही त्यानं काय करायचं?

अंबाजोगाईला माझा एक मास्तर मित्र आहे, जन्मापासून दृष्टी नाही. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो. ऑर्कालाही कळा ऐकाव्या लागतात: कॅप्सलॉक धरून अमुक दाबलं की ओळ वाच, तमुक दाबलं की शीर्षक. वेलँडच्या नियमात ते बसेना. बाकी जग सुरक्षिततेचे पोवाडे गात असताना तो वर्षानुवर्षं एक्सवर थांबून राहिला. कॅप्सलॉकची ती वाट ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या ४८व्या आवृत्तीत, २०२५च्या मार्चमध्ये मोकळी झाली. आणि त्याच सप्टेंबरात ४९व्या आवृत्तीत एक्सचं सत्र मुळातूनच बंद ठेवून दिलं. मधे सहा महिने. त्याला विचारलं, तुझं मत काय रे या वादावर? म्हणाला, "मला कोणत्या बाजूला बसवू नको. मी कॅप्सलॉक दाबला की त्यानं बोलावं, माझं एवढंच."

मला वेलँडवाल्यांशी भांडायचं असलं तर ते या सहा महिन्यांवरून. धोक्यावरून नाही, गतीवरूनही नाही; सतरा वर्षांना कुणी घाई म्हणणार नाही. पण या सतरा वर्षांत शेवटच्या रांगेत कोण उभं होतं ते बघा. पारदर्शक सावल्या आधी आल्या. पडदा शेअर करायची धड सोय मागून आली. ऑर्का सगळ्यांच्या मागून. शिवाय वेलँड हा एक प्रोग्रॅम नव्हे, तो नुसता बोलण्याचा करार. त्यावर ग्नोमनं आपला कंपोझिटर लिहिला, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपनं आपला, बाकीच्यांनी आपापला. एक गावविहीर बुजवून प्रत्येकानं आपल्या वावरात बोअर मारलं. काहींना पाणी लागलं.

आणि एक्सवाल्यांचं म्हणाल, तर २०२५च्या जूनमध्ये एक्सलिबर नावानं जुन्या घराची वेगळी चूल निघाली. निघो. ज्याला माळवदाखाली राहायचंय त्यानं राहावं, दर पावसाळ्याला पाट्याही त्यानंच चढवाव्यात. रेड हॅटनं मात्र आपल्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा सर्व्हर काढून टाकला, केडीईनंही पुढच्या वाटेवर तसंच जाहीर केलंय. वाद जिंकायचा राहिलेला नाही. बैठकीतल्या काकांनाही ते कळतं. ते हल्ली फक्त चहा पाजून सूड घेतात, बिल पोरगं देतं.

राहिली आबांची चौकट. वेलँडमध्ये तिलाही जागा आहे, एक्सवेलँड म्हणतात. जुन्या प्रोग्रॅमांसाठी आत एक छोटा एक्स चालवून ठेवलेला असतो. त्यांना वाटतं आपण जुन्याच घरात आहोत. माझे डोळे त्या खोपटात राहतात. आणि तिथं अजून जुनाच कायदा आहे: खोपटातल्यांना खोपटातलं सगळं दिसतं.

हे मी लेकीला सांगितलं नव्हतं. काल मी बाहेरून आलो तर ती लॅपटॉपसमोर. मी कधीतरी डोळ्यांशेजारी एक्सक्लॉक उघडून ठेवलं होतं, तेही त्याच काळातलं, काट्यांचं घड्याळ. तिनं घड्याळाची खिडकी ओढून ओढून अर्धा पडदाभर केली होती आणि तिच्यावरून माउस गरागरा फिरवत होती.

"पप्पा, इकडं या," ती म्हणाली. "घड्याळावर गेलं की बघायलंय."